न फवारलेला वाफा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच मिळून नऊ लाखांच्या पुढे गेली होती. या लोकांच्या ताटातला कोबी दोन वाटांनी येतो. मोठा हिस्सा घाटावरचा. जुन्नर-ओतूरकडची भाजी माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे कल्याणच्या बाजारात येते, नाशिकची कसाऱ्याकडून. लहान हिस्सा इथलाच. भात कापून झाले की उल्हास आणि बारवीच्या आसपास जिथे पाणी पुरते तिथे रब्बीचा भाजीपाला होतो आणि त्यात कोबी-फ्लॉवरचे वाफेही असतात. हा कोबी घरच्या भाजीपुरता राहत नाही. स्टेशनबाहेरच्या गाड्यांवर चायनीज भेळेत तो बारीक चिरून कच्चाच पडतो, पावभाजीच्या बाजूला कोशिंबिरीतही जातो. म्हणजे त्या गड्ड्यावर काय फवारले, किती वेळा फवारले आणि कोणत्या भरवशावर फवारले, हा प्रश्न शेताच्या बांधावर संपत नाही. मी कीटकशास्त्राचा अभ्यासक आहे. या लेखात मला त्या भरवशाबद्दलच लिहायचे आहे.

कोणते औषध मारायचे हे शेतकरी बहुतेकदा कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला विचारून ठरवतो, कधी कंपनीचे पत्रक वाचून, कधी कृषी विद्यापीठाची शिफारस पाहून. तिन्हींच्या मुळाशी शेवटी एकच गोष्ट असते, ती म्हणजे शेतातल्या चाचणीचा तक्ता. सात-आठ औषधे, प्रत्येकाचे तीन-चार वाफे, फवारणीआधी आणि फवारणीनंतर मोजलेल्या अळ्या, शेवटी गड्ड्यांचे वजन. त्या तक्त्यात जे नाव सर्वांत वर येते त्याची शिफारस होते. माझे म्हणणे असे आहे की त्या तक्त्यातला सर्वांत मोलाचा वाफा फवारलेला नसतोच, आणि त्या तक्त्यावर गावाचे नाव आणि हंगामाचे वर्ष कोरलेले असते. शिफारस दुकानापर्यंत पोचेतो हा वाफाही विसरला जातो आणि गाव-वर्षही पुसले जाते. उरते फक्त औषधाचे नाव. कोबीवरच्या फवारण्या वाढत जातात त्याचे एक मोठे कारण मला इथे दिसते.

हे समजण्यासाठी आधी कीड समजून घ्यायला हवी. कोबीवर मावा येतो, तंबाखूवरची पाने खाणारी अळी येते, कोवळा शेंडा पोखरणारी अळी येते, पण जगभर कोबीवाल्यांना सर्वांत जास्त छळले आहे ते चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने. पंख मिटून बसला की त्याच्या पाठीवर फिकट चौकटींची रांग दिसते, त्यावरून हे नाव. शास्त्रीय नाव प्लुटेला झायलोस्टेला. अंड्यातून निघालेली अळी प्रथम पानाच्या आत शिरते, मग बाहेर येऊन पानाच्या खालच्या बाजूने हिरवा भाग खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते. पानावर पांढुरके झरोके दिसू लागतात. धक्का लागला की ती वळवळत धाग्याला लोंबकळते. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. कडाक्याची थंडी नसल्याने मध्ये विश्रांती नाही, आणि एकेक मादी शे-दीडशे अंडी सहज घालते. एवढ्या झपाट्याने पिढ्या पालटणाऱ्या किडीवर वारंवार तेच औषध पडले तर ज्या थोड्या अळ्या त्यातून वाचतात त्यांचीच संतती पुढे शेतभर होते.

इतिहास याची साक्ष देतो. भारतात या पतंगाची नोंद १९१४ ची आहे. १९५३ मध्ये जावा बेटावर डीडीटीला तो दाद देत नसल्याचे प्रसिद्ध झाले. पिकावरच्या किडीने डीडीटी पचवल्याच्या अगदी आरंभीच्या नोंदींपैकी ती एक. पंजाबात १९६८ च्या सुमारास डीडीटी आणि पॅराथिऑन या दोन्हींबद्दल तेच घडले. मग जैविक औषधांकडे आशेने पाहिले गेले. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू माणसाला निर्धोक आणि अळीला मारक, पण १९९० मध्ये हवाई बेटांवरच्या शेतांत हाच पतंग त्यालाही पुरून उरलेला आढळला. उघड्या शेतात या जिवाणूविरुद्ध प्रतिकार मिळवणारी ती पहिली कीड. नंतर डायअमाइड गटातली औषधे आली. त्यांपैकी क्लोरअँट्रानिलीप्रोल कोबीवर हेक्टरी अवघे १० ग्रॅम क्रियाशील घटक इतक्या मात्रेत काम करते, तर जुन्या मॅलॅथिऑनचे माप शेकडो ग्रॅममध्ये असे. एवढे प्रभावी औषधही फिलिपाइन्स आणि थायलंडमध्ये काही वर्षांतच निष्प्रभ होऊ लागले आणि २०१२ मध्ये त्यामागचा जनुकीय बदलही ओळखला गेला. औषधांची ही मालिका पाहिली की कळते, ‘अमुक औषध कोबीवर चांगले’ हे वाक्य अपुरे आहे. कोणत्या गावच्या पतंगावर आणि कोणत्या वर्षी, हे त्यात यायला हवे.

आता चाचणीकडे वळू. शेतात दोन वाफे कधीच सारखे नसतात. अंबरनाथ-बदलापूरकडची भाताची खाचरे उताराची. वरच्या अंगाला माती हलकी, ओढ्याकडे ओल जास्त, आणि बांधावर झाडे असतील तर एका बाजूला दुपारपासून सावली. ओलीच्या बाजूला कोबी लुसलुशीत होतो आणि मादी अंडी घालायला तेच रोप निवडते. तिथे पडलेले औषध विनाकारण नापास होईल, वरच्या कोरड्या वाफ्यातले विनाकारण पास. यावरची तोड इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्रात काम करताना रोनाल्ड फिशर यांनी बसवली. शेताचे सारख्या प्रतीचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात सगळी औषधे एकेकदा आणायची, आणि कोणते कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. भारतात ही पद्धत शेतकी संशोधकांच्या हाती पोचवली ती पानसे आणि सुखात्मे यांनी. पांडुरंग सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. विनायक पानसे यांच्यासह त्यांनी लिहिलेले संख्याशास्त्रीय पद्धतींचे पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये काढले आणि आजही कृषी विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत ते हमखास सापडते. या पद्धतीचा गाभा म्हणजे आपला पक्षपात आणि मातीचा पक्षपात, दोन्ही चिठ्ठीच्या हवाली करणे.

चिठ्ठीने जागेचा पक्षपात जातो, काळाचा जात नाही. फवारणीनंतर सात दिवसांत शेतात औषधाखेरीज पुष्कळ काही घडते. जोराची सर आली तर लहान अळ्या पानावरून धुऊन जातात आणि काही पानांच्या बेचक्यांत साचलेल्या पाण्यात बुडतात. कोकणच्या या पट्ट्यात पाऊस ऑक्टोबरात रेंगाळतो आणि पुढेही अवकाळी येतो. कोटेशियासारख्या परोपजीवी गांधीलमाश्या अळीच्या अंगात अंडी घालतात आणि ती अळी पतंग होण्याआधीच मरते. काही अळ्या नुसत्या कोषात जातात आणि मोजणीतून निसटतात. हे सगळे श्रेय औषधाच्या खात्यात जमा होऊ नये म्हणून एक वाफा न फवारता ठेवायचा, किंवा त्यावर नुसते पाणी मारायचे. समजा, फवारणीआधी दोन्ही वाफ्यांत रोपामागे १० अळ्या होत्या. सात दिवसांनी फवारलेल्या वाफ्यात २ उरल्या. शेतकरी म्हणेल, ८० टक्के काम झाले. पण न फवारलेल्या वाफ्यातही १० च्या ५ झाल्या असतील तर? हेंडरसन आणि टिल्टन यांनी १९५५ मध्ये दिलेल्या सूत्राने हिशेब केला की औषधाचे खरे काम ६० टक्के निघते. उरलेले पावसाने आणि मित्रकीटकांनी फुकट केलेले असते. शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात मात्र न फवारलेला वाफा नसतो. त्यामुळे पावसानंतर अळी कमी झाली की त्याचा औषधावरचा विश्वास वाढतो, आणि पुढच्या वेळी पाऊस आला नाही की तो दुप्पट मात्रा घेतो किंवा दोन औषधे एकत्र करतो. दोष त्याचा नाही. तुलनेला काहीच हाताशी नसेल तर माणूस दुसरे करणार तरी काय?

यावर शेतकऱ्याचा आक्षेप ठरलेला आहे, आणि तो रास्तही आहे. न फवारलेला वाफा म्हणजे हातचा माल घालवणे, शिवाय शेजारच्या वाफ्यांसाठी किडीचे कोठार राखणे. यातला दुसरा भाग शास्त्रीयदृष्ट्या खरा आहे. पतंग उडतात. लहान वाफ्यांच्या चाचणीत न फवारलेल्या वाफ्यातले पतंग शेजारी जाऊन अंडी घालतात, चांगल्या औषधाचा आकडा त्याने खाली येतो आणि औषधांमधला फरक पुसट होतो. उलट बाजूने फवाऱ्याचे तुषार वाऱ्यावर न फवारलेल्या वाफ्यावरही येतात. म्हणून मध्ये मोकळ्या ओळी सोडाव्या लागतात, फवारणी वारा पडलेला असताना करावी लागते आणि वाफा फार लहान चालत नाही. पण नुकसानीचा भाग मला पटत नाही. चार ओळी न फवारल्याने जेवढे गड्डे जातील त्यांची किंमत एखाद्या अनावश्यक फवारणीच्या औषधमजुरीपेक्षा कमीच भरेल. आणि कित्येकदा त्या ओळींतले गड्डे जातच नाहीत. फवारणी नको होती हे सिद्ध करण्याचा शेतकऱ्याकडे तेवढा एकच मार्ग आहे.

दुसरा आक्षेप माझ्या क्षेत्रातल्या सहकाऱ्यांचा. ते म्हणतील, औषधाची नोंदणी होण्याआधी अनेक ठिकाणी, अनेक हंगामांत चाचण्या होतातच. मग प्रत्येक तालुक्याने पुन्हा चाचणी कशाला? नोंदणीच्या चाचण्यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन अन्नात मिसळून शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यानंतरच्या चौकश्यांतून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि चाचणीशिवाय औषध विकता येणार नाही अशी व्यवस्था उभी राहिली. पण ती व्यवस्था विचारते, हे औषध विकू द्यावे का? शेतकरी विचारतो, माझ्या शेतातली अळी आज याने मरेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्षानुवर्षे टिकू शकते. दुसऱ्याचे शिळे होते, कारण औषध तेच राहते आणि अळी बदलते. उल्हास खोऱ्यात ही अडचण अधिकच गुंतागुंतीची आहे. इथे कोबीवर्गीय पिके पावसाळ्यात फारशी नसतात. हंगामाच्या सुरुवातीला रोपे बाहेरच्या रोपवाटिकांतून येतात आणि या पतंगाची अंडी व लहान अळ्या रोपांबरोबर प्रवास करतात हे जगभर दिसलेले आहे. म्हणजे बदलापूरच्या शेतकऱ्याने एकदाही न वापरलेल्या औषधाला त्याच्या शेतातली अळी आधीच सरावलेली असू शकते, कारण तिच्या मागच्या कित्येक पिढ्या घाटावरच्या फवारण्यांतून तावूनसुलाखून आलेल्या असतात. इथल्या किडीच्या सवयी दुसऱ्या तालुक्याच्या तक्त्यात वाचता येत नाहीत.

चाचणीत काय मोजायचे, यावरही माझे मत प्रचलित पद्धतीहून वेगळे आहे. आपण मारलेल्या अळ्यांची टक्केवारी मोजतो आणि तिच्यावरून क्रम लावतो. ९१ टक्केवाले पहिले, ८८ टक्केवाले दुसरे. तक्त्याच्या तळाशी दोन औषधांतला किमान लक्षणीय फरक छापलेला असतो, आणि पुष्कळदा पहिली तीन-चार नावे त्या फरकाच्या आत, म्हणजे बरोबरीचीच असतात. पण दुकानात पोचते ते पहिलेच नाव, आणि मग सगळा तालुका एकाच औषधावर लोटतो. प्रतिकारशक्ती घडवायची असेल तर याहून चांगला उपाय सापडणार नाही. बरोबरीची औषधे वेगवेगळ्या गटांतली असतील, स्पिनोसॅड वेगळ्या जागी घाव घालते, इंडोक्साकार्ब वेगळ्या, डायअमाइड आणखी वेगळ्या, तर त्यांचे बरोबरीचे असणे हाच चाचणीचा सर्वांत उपयोगी निष्कर्ष आहे. एका पिढीला एक गट, पुढच्या पिढीला दुसरा, असा फेरपालट त्यातूनच बसवता येतो.

त्याहून महत्त्वाचे, औषधांच्या रांगेत फवारणीची वेळ हीही एक स्पर्धक म्हणून उतरवली पाहिजे. दर आठ दिवसांनी ठरावीक फवारणी हा एक वाफा, आणि रोपामागे २ अळ्या दिसल्यावरच फवारणी हा दुसरा. औषध दोन्हींत तेच. दोन्हींचे विक्रीयोग्य गड्डे, दोन्हींचा खर्च, दोन्हींतल्या परोपजीवी माश्या आणि दोन्हींवर पुढे आलेला मावा मोजायचा. शेवटची मोजणी बहुतेक तक्त्यांत नसते आणि तिच्यावाचून चाचणी अर्धी राहते. सिंथेटिक पायरेथ्रॉइडसारख्या सरसकट मारणाऱ्या औषधाने तिसऱ्या दिवशी अळ्या साफ दिसतात, पण माव्याला खाणारे ढालकिडे आणि अळीला पोखरणाऱ्या माश्याही साफ होतात. पंधरवड्याने मावा उसळतो आणि त्याच्यासाठी नवी फवारणी लागते. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी मोजून थांबणाऱ्या चाचणीत हे औषध विजयी ठरते. पिकाच्या काढणीपर्यंत मोजत राहिले तर ते हरते. बंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेले काम मला म्हणूनच मोलाचे वाटते. कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीची जोडओळ, एक ओळ कोबीच्या लागणीआधी १५ दिवस पेरलेली आणि दुसरी लागणीनंतर २५ दिवसांनी. पतंग मोहरीकडे ओढले जातात आणि फवारणी तेवढ्या ओळींवर एकवटता येते. सगळ्या देशांत या युक्तीला सारखे यश आलेले नाही. इथल्या दमट हवेत मोहरी कशी साधते, तिच्यावर मावा किती चढतो, हे इथेच लावून पाहावे लागेल.

बाजाराचा आक्षेप सर्वांत टणक आहे. गिऱ्हाईक भोकाचा गड्डा घेत नाही, व्यापारी भाव पाडतो, मग शेतकरी काढणीच्या आदल्या दिवसापर्यंत फवारणारच. पण कोबीच्या कोणत्या पानाला भोक पडले याला अर्थ आहे. गड्डा धरायच्या आधी शेंडा पोखरला गेला तर ते रोप वाया जाते किंवा त्याला बारीकसारीक अनेक गड्डे फुटतात. तिथे ढिलाई नको. गड्डा भरल्यावर बाहेरच्या मोकळ्या पानांना पडलेली भोके मात्र मंडईत पाने खुडताना निघून जातात. म्हणून चाचणीत नुसते किडके-निरोगी असे न लिहिता बाहेरची पाने काढल्यावर विकता येणारे गड्डे मोजावेत. तसे मोजले की शेवटच्या एक-दोन फवारण्यांची गरज किती होती ते समोर येते. या शेवटच्या फवारण्याच प्रतीक्षा काळ मोडतात, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत लेबलावर सांगितलेले दिवस. पृष्ठभागावर राहणाऱ्या औषधाच्या अवशेषाचा मोठा भाग बाहेरच्या पानांबरोबर जातो, आंतरप्रवाही औषधाचे तसे नसते, आणि कोबीच्या मेणचट पानावर चिकटावे म्हणून स्टिकर घालून मारलेले औषध नुसत्या पाण्याने पुरते निघत नाही. कच्चा कोबी खाणाऱ्या शहराला हा तपशील माहीत असायला हवा. आणि खाणाऱ्याआधी फवारणाऱ्याला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पंप त्यांच्या पाठीवर होता. बदलापूरकडे तर वाफ्यांच्या कडेला इमारती आल्या आहेत, आणि तिथल्या खिडक्यांपर्यंत तुषार जायला फारसा वारा लागत नाही.

मग सगळे सोडून निंबोळी अर्क का वापरू नये, असे काहीजण तळमळीने विचारतात. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे आणि पाच टक्के निंबोळी अर्काला कोबीत जागा आहे, याबद्दल शंकाही नाही. पण त्यालाही चिठ्ठी टाकून वाफा मिळाला पाहिजे आणि शेजारी न फवारलेला वाफा हवाच. निंबोळ्या किती जुन्या, बुरशी लागलेल्या की स्वच्छ, अर्क ताजा की शिळा, यावर त्याचे काम ठरते. उन्हात तो लवकर निकामी होतो आणि मोठ्या अळीपेक्षा लहान अळीवर चालतो. चाचणीतून सूट मिळालेले औषध, मग ते झाडाचे असो की कारखान्यातले, शेतकऱ्याला अखेर फसवतेच.

राहिला खर्चाचा प्रश्न, आणि तो वाटतो तेवढा मोठा नाही. पूर्ण शेतचाचणी दरवर्षी सगळीकडे करता येणार नाही हे मान्य. पण तिच्याआधीची चाळणी एका खोलीत होते. कोबीच्या पानाच्या चकत्या औषधाच्या लेबलावरच्या मात्रेत काही सेकंद बुडवायच्या, सावलीत सुकवायच्या, ताटलीत ठेवून त्यावर त्या गावातून आणलेल्या तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या सोडायच्या, आणि काही ताटल्यांत पाण्यात बुडवलेल्या चकत्या ठेवायच्या. दोन-तीन दिवसांत मेलेल्या अळ्या मोजायच्या. लागते ती ताटली, मोजपात्र, भिंग आणि मोजणाऱ्याची शिस्त. बदलापूरच्या पुढे याच लोहमार्गावर कर्जतला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक संशोधन केंद्र आहे, ते भातासाठी नावाजलेले. कल्याण ते बदलापूर पट्ट्यातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत. नोव्हेंबरात लागण झालेल्या कोबीवरून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात चार-पाच गावांच्या अळ्या गोळा केल्या तर नाताळच्या आत कळेल की यंदा उल्हास खोऱ्यात कोणते औषध चालते आणि कोणते नाही. ती यादी वर्ष आणि गावांच्या नावांसकट कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर लावायची, आणि पुढच्या डिसेंबरात काढून नवी लावायची.